सरासरीत न दिसणारा धमाका : कान, तार आणि चित्र यांतला इम्पल्स नॉइज

डिचोलीहून एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नरकासुराच्या रात्री घराशेजारी मोठा फटाका फुटला आणि तेव्हापासून त्यांच्या वडिलांच्या डाव्या कानात शिट्टी वाजते आहे, त्या कानाने ऐकूही कमी येतं. वडिलांची उमेदीची वर्षं बार्ज (खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी) दुरुस्त करण्याच्या यार्डात गेली. घरचं इंटरनेट अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर चालतं. ते रोज संध्याकाळी आणि जूनच्या पहिल्या पावसात हमखास तुटतं, आणि तपासायला आलेला माणूस ‘लाइन ठीक आहे’ असं सांगून जातो. त्या शिक्षिकेची मुलगी फोंड्याला इंजिनिअरिंग शिकते आणि घरातल्या जुन्या मराठी कागदांच्या स्कॅनमधले ठिपके काढण्याचा प्रोजेक्ट करते. तिच्या पुस्तकात या तिन्ही गोष्टींना ‘इम्पल्स नॉइज’ म्हटलं आहे. हे तिन्ही खरोखर एकच आहे का, आणि करायचं काय?

बाई, आधी वडिलांना आजच्या आज कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या किंवा जवळचा डॉक्टर गाठा, पण ‘आठवडाभर बघू’ असं करू नका. मोठ्या धमाक्यानंतर अचानक ऐकू येणं कमी झालं तर पहिले काही दिवस उपचाराच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचे असतात. औषध द्यायचं की नाही आणि कोणतं, ते डॉक्टर ठरवतील. तोवर कानात तेल, लसणीचं तेल, थेंब, काहीही घालू नका. पडद्याला भोक पडलं असेल तर त्या तेलाने नवं दुखणं मागे लागेल. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. होय, तिन्ही एकाच जातीचे आहेत. इम्पल्स नॉइज म्हणजे फार थोड्या वेळात किंवा फार थोड्या जागेत येणारा आणि फार मोठा असणारा व्यत्यय. पंख्याची घरघर किंवा रेडिओमागची बारीक सूं ही दुसरी जात. ती सतत असते, तिची उंची साधारण तेवढीच राहते आणि सरासरी काढली की तिचं खरं रूप कळतं. इम्पल्स नॉइजचं उलट असतं. तो बहुतेक वेळ नसतोच आणि येतो तेव्हा सगळं व्यापून टाकतो. म्हणून त्याची सरासरी काढली की तो कागदावरून नाहीसा होतो, जागेवर मात्र नुकसान करून गेलेला असतो. मी आधी टेलिफोनच्या लाइनींवर आणि नंतर आवाजाच्या मोजमापात काम केलं. दोन्हीकडे एकच प्रकार पुन्हा पुन्हा पाहिला : माणूस तक्रार करतो, मीटर ‘सगळं ठीक’ म्हणतं, आणि मीटरमागे कुठेतरी सरासरी दडलेली असते.

कानाचं उदाहरण आकड्यांत पाहू. समजा एक धमाका १ मिलिसेकंद टिकला आणि त्याची पातळी १४० डेसिबल होती. तासाभराची सरासरी काढली तर तो एकटा धमाका सुमारे ७४ डेसिबल भरतो. सकाळी सहा ते रात्री दहा या १६ तासांवर पसरला तर सुमारे ६२. म्हणजे रहदारीच्या रस्त्याइतका. नेहमीचं ध्वनिमापक यंत्र ‘फास्ट’वर ठेवून तोच धमाका मोजला तर काटा ११९ च्या आसपास थांबतो, कारण ‘फास्ट’ची कालमर्यादा १२५ मिलिसेकंद आहे, ‘स्लो’वर, म्हणजे १ सेकंदावर, तो ११० दाखवतो. धमाका तोच, आकडे चार. यांतला एकही आकडा कानाच्या पडद्याला काय सोसावं लागलं ते सांगत नाही. ते सांगतो फक्त ‘पीक’, म्हणजे दाब क्षणभर कुठवर चढला त्याचं मोजमाप.

फोनवरच्या ॲपचा तर अशा मोजणीला काहीच उपयोग नाही. बहुतेक फोनचा माइक १२० डेसिबलच्या आसपास माथा टेकतो, आणि त्याआधीच फोनचं सॉफ्टवेअर मोठा आवाज दाबायला लागलेलं असतं. ॲपवर ९८ दिसलं म्हणून फटाका ९८ चा होता असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आपल्याकडचा फटाक्यांचा नियम मात्र हे ओळखून केलेला आहे. १९९९ च्या अधिसूचनेनुसार फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डीबी(एआय) (म्हणजे मीटर ‘इम्पल्स’ गतीवर ठेवून मोजलेले डेसिबल) किंवा सी-वेटिंगने (खालचे सूरही धरणाऱ्या मोजणीने) १४५ डेसिबल पीक यापेक्षा जास्त आवाज करणारे फटाके बनवायला, विकायला आणि वापरायला मनाई आहे. माळेतल्या फटाक्यांना (२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने माळांवरच बंदी घातली) त्या अधिसूचनेत त्याहून कडक मर्यादा होती : माळेत जितके जास्त, तितका प्रत्येकाचा आवाज कमी हवा, हजाराच्या माळेत तो १५ डेसिबलने खाली यायला हवा. यातलं ‘४ मीटर’ नीट वाचा. अंतर निम्मं झालं की पातळी साधारण ६ डेसिबलने चढते. म्हणजे अगदी नियमात बसणारा फटाकाही २ मीटरवर १५१ आणि १ मीटरवर १५७ पर्यंत जाऊ शकतो. त्यात आपल्या वाड्यावरच्या गल्ल्या अरुंद, एका बाजूला चिऱ्याची गडगी, दुसऱ्या बाजूला बल्कांव, म्हणजे घरापुढचा बांधीव सोपा. भिंतीवरून परतलेला दाब मूळ दाबात मिसळतो. नरकासुराच्या पुतळ्यात भरलेले फटाके पहाटे पेटतात तेव्हा त्याला खेटून उभी असलेली मुलं पाहिली की माझा जीव कासावीस होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली प्रौढांसाठी १४० डेसिबल पीकची मर्यादा सुचवली, आणि मुलांसाठी १२० ची. मुलांना मोठ्यांहून मागे, बरंच मागे उभं करायला हवं. आपण त्यांना नीट दिसावं म्हणून पुढे उभं करतो.

१४० डेसिबल म्हणजे २०० पास्कल. हवेचा आपल्यावर कायम असलेला दाब सुमारे १,०१,३०० पास्कल आहे, त्याच्या पाचशेवा हिस्सा. ऐकायला थोडा वाटेल. पण कान ज्या मंद आवाजापासून ऐकू लागतो तो २० मायक्रोपास्कलचा, म्हणजे याच्या एक कोटीव्या हिश्शाचा. इतक्या नाजूक मापासाठी घडलेल्या इंद्रियावर तो दाब काही मायक्रोसेकंदांत येऊन आदळतो. कानाला स्वतःचा बचाव आहे : मोठा आवाज झाला की मधल्या कानातला एक छोटा स्नायू आखडतो आणि हाडांची साखळी ताठ करतो. पण त्याला जागं व्हायला वीस-पंचवीस मिलिसेकंद तरी लागतात, बरेचदा जास्तच. फटाका त्याआधीच संपलेला असतो. सततच्या गोंगाटात थोडंफार मिळणारं हे संरक्षण धमाक्यात मिळतच नाही.

आतल्या कानात ऐकण्याच्या केसपेशी दर कानामागे १५ ते १६ हजार असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. धमाक्याने पहिला मार बसतो तो साधारण ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्याला, म्हणून ऑडिओग्रामवर, म्हणजे ऑडिओमेट्रीच्या आलेखावर, ४ किलोहर्ट्झपाशी खड्डा दिसतो. या पट्ट्याच्या जवळपासच स, श, च, ट, फ यांसारख्या व्यंजनांची धार असते. म्हणून अशा माणसाला ‘कुणीतरी बोलतंय’ हे ऐकू येतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. घरचे वैतागून मोठ्याने बोलतात. त्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं नाहीत. वडिलांशी बोलताना ओरडू नका. समोर बसा, तोंड दिसू द्या, सावकाश बोला.

दोन दिवसांत ऐकू यायला लागलं म्हणजे सुटलो असंही नाही. २००९ साली शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी मोठ्या आवाजात ठेवलेल्या उंदरांवर दाखवलं की ऐकण्याचा उंबरठा पूर्ववत झाला तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले सांधे कायमचे गेलेले असू शकतात. ऑडिओमेट्रीत सरळ रेघ आणि जत्रेच्या गर्दीत मात्र समोरच्याचं कळत नाही, ही तक्रार मी खूप ऐकली आहे. तिला ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकणं बंद व्हायला हवं.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत फटाका हा शेवटचा घाव असण्याची शक्यता मोठी आहे. झुआरी-मांडवीच्या काठांवर बार्ज दुरुस्तीला चढवतात तेव्हा पत्र्यावरचा गंज हातोड्याने ठोकून काढतात. पोकळ पोलादी पोटात बसून पोलादावर हातोडा. अशा ठिकाणी पीक १३० च्या घरात सहज जातं, आणि ठोके दिवसाला हजारांनी पडतात. कारखान्यांच्या आपल्या नियमांत धमाक्यांचा हिशेब वेगळा दिलेला आहे : १४० डेसिबलचे दिवसाला १०० ठोके, १३० चे १,०००, १२० चे १०,०००, आणि १४० च्या वर एकही नाही. सततच्या आवाजाची मर्यादा, आठ तासांना ९० डेसिबल, या तक्त्याहून निराळी आहे. पण प्रत्यक्षात यार्डात कुणी मोजायला आलंच तर आठ तासांची सरासरी घेऊन जातो. ठोके कुणी मोजत नाही. म्हणून डॉक्टरांना केवळ दिवाळीच्या रात्रीबद्दल सांगू नका. यार्डातल्या कामाबद्दलही सांगा, कोणत्या हाताने हातोडा चालायचा आणि कोणता कान पत्र्याकडे असायचा तेही.

रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल, हे २००० च्या नियमातले आकडे सगळ्यांना पाठ असतात. तेही सरासरीचे आकडे आहेत. फेस्ताला, जत्रेला किंवा कुळागरात (पोफळीच्या बागेत) माकडं हाकलायला उडवलेल्या फटाक्याबद्दल तक्रार करणार असाल तर ‘सी-पीक मोजा’ असा शब्द अर्जात लिहा. नाहीतर तासाभराच्या सरासरीत तुमची तक्रार विरघळून जाईल. आवाजाचा त्रास मोजण्याच्या आयएसओ १९९६ या मानकात ठोकेबाज आवाजाला मोजलेल्या पातळीवर ५ डेसिबल, आणि बंदूक-हातोड्यासारख्या तीव्र आवाजाला १२ डेसिबल दंड लावायची सोय आहे. माणूस दचकतो, झोपेतून उठतो, छाती धडधडते, आणि पुढचा धमाका कधी होईल याची वाट पाहत जागा राहतो. ही वाट पाहण्याची शिक्षा सरासरीत येत नाही म्हणून तो दंड लावावा लागतो.

शिगम्यात ढोल-ताशा वाजवणाऱ्या पोरांना एवढंच सांगेन की ताशाची काडी म्हणजेही ठोकाच, आणि कान त्याच्यापासून हातभर अंतरावर असतो. फोमचे बोळे स्वस्त असतात. ते कान मागे ओढून खोलवर बसवले तर काम करतात, बाहेर लोंबत असतील तर नाही. कापसाच्या बोळ्याने जवळजवळ काहीच अडत नाही.

आता तुमचं इंटरनेट. तपासनीस ज्या आकड्यावर बोट ठेवून ‘ठीक आहे’ म्हणतो तो बहुतेक वेळा सिग्नल-टू-नॉइज मार्जिन असतो, म्हणजे सिग्नल खरखरीच्या किती वर आहे याची शिल्लक. तोही सरासरी. मार्जिन ९-१० डेसिबल दिसत असतं आणि त्याच वेळी लाइन सेकंदासेकंदाला मार खात असते. मॉडेमच्या पानावर ‘एरर्ड सेकंद’ (चुका झालेले सेकंद) आणि ‘सीआरसी’ (बिघडून आलेल्या तुकड्यांची मोजणी) हे आकडे शोधा. सकाळी लिहून ठेवा, संध्याकाळी सातला लिहा, रात्री लिहा. मार्जिन जागेवर आणि एरर्ड सेकंद संध्याकाळी धावायला लागले, तर तुमच्याकडे इम्पल्स नॉइज आहे. हा कागद घेऊन तक्रार करा. ‘नेट चालत नाही’ या वाक्यापेक्षा त्याला वजन येतं.

संध्याकाळीच का? कारण तेव्हा कुणाचा तरी पंप, ट्यूबचा बिघडलेला चोक, स्वस्तातला एलईडीचा ड्रायव्हर किंवा रस्त्यावरचा दिवा सुरू होतो. विजेची लहर सेकंदाला ५० वेळा वरखाली होते, आणि ठिणगी बहुधा प्रत्येक अर्ध्या लहरीच्या टोकाला उडते. म्हणून सेकंदाला १०० फटके, दर १० मिलिसेकंदांनी एक, घड्याळासारखे. पहिल्या पावसाचं कारण खास आपल्या किनाऱ्याचं आहे. ऑक्टोबर ते मे खाऱ्या वाऱ्याने खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मीठ आणि धूळ बसते. कोरडं असताना त्रास नसतो. जूनच्या पहिल्या भुरभुरीत ते ओलं होतं आणि पृष्ठभागावरून बारीक ठिणग्या चालू लागतात. दोन मोठ्या सरींनी धुऊन निघालं की आवाज आपोआप बंद होतो, आणि तपासणारा नेमका त्यानंतर येतो. माडाची झावळी तारेला घासत असेल तर वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला वेगळा तमाशा. आणि आकाशातली वीज तर सगळ्यांची आजी. तिचा एक फटका शेकडो किलोमीटर दूरच्या मीडियम वेव्ह रेडिओवर ‘कडाड’ करून जातो.

ठिणगी शोधायला महागडं यंत्र लागत नाही. बॅटरीवरचा मीडियम वेव्ह रेडिओ घ्या, स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि घरभर हिंडा. सेकंदाला शंभर फटक्यांची ती जाडसर खरखर जिथे मोठी होते तिथे चोर आहे. मग एकेक स्विच बंद करा. मेन स्विच बंद करूनही खरखर राहिली तर चोर घराबाहेर आहे. रस्त्यावर चालत जा, खांबापाशी वाढते का पाहा. खांबाला हात लावू नका, तारेतली झावळी काठीने काढायला जाऊ नका. खांबाचा नंबर टिपून वीज खात्याला कळवा. रेडिओ एफएमवर लावू नका. एफएमची रचनाच अशी की उंचीतले फटके ती छाटून टाकते. एफएमचा जनक एडविन आर्मस्ट्राँगला हेच हवं होतं, १९३३ च्या त्याच्या पेटंटमागे रेडिओवरची ही कडकड मारण्याचीच जिद्द होती. पण आपल्याला तर खरखरच ऐकायची आहे.

मॉडेमकडेही उपाय असतो, आणि तो मला फार देखणा वाटतो. तारेवरचा डेटा २५० मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत जातो. अर्ध्या मिलिसेकंदाचा एक फटका आला की सलग दोन-तीन तुकडे साफ. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या संकेतात जादा बाइट जोडून चुका दुरुस्त करता येतात : १६ बाइट जादा पाठवले तर शब्दागणिक (‘शब्द’ म्हणजे एकत्र बांधलेला बाइटांचा गठ्ठा) ८ चुकीचे बाइट परत मिळतात. पण सलग शंभर बाइट गेले तर तो हतबल. मग युक्ती अशी, की शब्द ओळींत एकाखाली एक लिहायचे आणि पाठवताना उभे रकाने पाठवायचे. फटक्याने एक रकाना पुसला तरी पलीकडे ओळी पुन्हा जुळवल्यावर प्रत्येक शब्दातला एखादाच बाइट गेलेला असतो, आणि तेवढा दुरुस्त होतो. याला इंटरलीव्हिंग म्हणतात. बदल्यात थोडा उशीर सोसावा लागतो, काही मिलिसेकंदांचा. सिनेमा पाहणाऱ्याला तो कळत नाही. खेळ खेळणाऱ्या मुलाला कळतो. २०१० साली आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.९९८.४ या मानकाने आणखी एक सोय आणली : गेलेला तुकडा मॉडेम स्वतःच पुन्हा मागवून घेतो. कंपनीकडे तक्रार करताना ‘इम्पल्स नॉइज प्रोटेक्शन वाढवा’ असं स्पष्ट म्हणा, लाइनची ही मांडणी, म्हणजे प्रोफाइल, बहुधा तिकडूनच बदलतं. फायबर मिळत असेल तर सरळ फायबर घ्या, काचेला ठिणगी ऐकू येत नाही. पावसात डीटीएच जातं ती मात्र वेगळी भानगड आहे. तिथे पाणी सिग्नल शोषून घेतं. त्याचा याच्याशी संबंध नाही.

राहिला तुमच्या मुलीचा प्रोजेक्ट, आणि इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण पुस्तकात हा भाग सोपा करून सांगतात.

करड्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ असा आकडा असतो. इम्पल्स नॉइज म्हणजे मधूनच कुठेतरी एकदम ० किंवा २५५ बसणं, मीठ-मिरी भुरभुरल्यासारखं. कारणं अनेक : सेन्सरचा मेलेला किंवा तापलेला ठिपका, मेमरीतली बिघडलेली जागा, प्रवासात उलटलेला बिट. एक चौकोन घ्या, ३ बाय ३ : १००, १०२, ९८, १०१, २५५, ९९, १०३, १००, ९७. सरासरी ११७ येते. नऊपैकी आठ जण शंभराच्या आसपास असून एका खोट्याने सगळ्यांना वर ओढलं, आणि डाग पुसला न जाता शेजाऱ्यांत पसरला. आता आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला उचला. मध्यक १०० येतो. खोटा २५५ रांगेच्या टोकाला गेला आणि त्याचं मत कुणी विचारलंच नाही. जॉन टुकी यांनी १९७० च्या दशकात सरकता मध्यक पुढे आणला तो याच गुणासाठी. मिठा-मिरीचा मारा थोडा असेल तर तो अजूनही पहिला हात आहे. चौकोनातले निम्म्याहून जास्त ठिपके खोटे झाले की मध्यकही खोटा होतो, तेव्हा चौकोन वाढवत नेणारे आणि फक्त टोकाचे ठिपके बदलणारे फिल्टर लागतात.

पण तिचे कागद मराठी आहेत. मध्यकाला खोटा ठिपका आणि अनुस्वार यांतला फरक कळत नाही.

हिशेब करून पाहा. बारीक टाकाचा अनुस्वार अर्ध्या मिलिमीटरचा धरू. १०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १०० ठिपके धरून, स्कॅन केला तर तो २ बाय २ ठिपक्यांत बसतो. ३ बाय ३ चा चौकोन कुठेही ठेवा, त्यात काळे ठिपके जास्तीत जास्त चार आणि पांढरे किमान पाच. मध्यक पांढरा. अनुस्वार गेला, संपूर्ण गेला. जुन्या लेखनात तर प्रत्येक ओळीत अनुस्वार पेरलेले असतात. वहीखात्यातला दशांशचिन्हाचा टिंब, नुक्ता, मोडीतले बारीक फटकारे, सगळे त्याच वाटेने जातात. ३०० डीपीआयवर तोच अनुस्वार सुमारे ६ ठिपके रुंद होतो आणि ३ बाय ३ चा मध्यक त्याचे फक्त कोपरे गोल करतो. म्हणून पहिली गोष्ट, स्कॅनच ३०० किंवा ६०० डीपीआयवर, करड्या रंगात घ्यायचा. काळा-पांढरा करायचा तो सगळ्यांत शेवटी. आधी काळा-पांढरा केला तर शाईचा प्रत्येक ठिपका ‘टोकाचा’ ठरतो आणि ‘फक्त टोकाचे ठिपके बदला’ हा नियमच निकामी होतो. दुसरी गोष्ट, कागदावरच्या टाकाची जाडी मोजायची. ठिपका टाकाच्या जाडीइतका आणि शिरोरेषेच्या वर असेल तर त्याला हात लावायचा नाही. तिसरी, आपल्या दमट हवेत कागदावर बुरशीचे जे तपकिरी डाग पडतात ते इम्पल्स नॉइज नव्हेत. ते मोठे असतात, कडा विरघळलेल्या असतात, मध्यकाने हलत नाहीत. ते रंगावरून वेगळे काढावे लागतात, म्हणून एक प्रत रंगीतही स्कॅन करून ठेवावी.

आवाजाच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवर काम करताना मला हाच पेच पडतो. लाखेच्या तबकडीला तडा गेला असेल तर ती मिनिटाला ७८ फेरे फिरते म्हणून दर ०.७७ सेकंदांनी ‘टक्’ येतो. एक मिलिसेकंदाचा टक् म्हणजे ४४,१०० च्या नमुनावेगाने ४४ नमुने. ते कापून दोन्ही बाजूंच्या स्वरावरून मधली जागा भरता येते, कानाला पत्ताही लागत नाही. पण सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तर ते तबल्याचा ‘ना’ही खातं, कारण चाटीवरच्या बोटाचा आघातही तितकाच तीक्ष्ण असतो. मग गाणं स्वच्छ होतं आणि ठेका मऊ पडतो, जणू तबलजी दुसऱ्या खोलीत बसला आहे. आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेला. त्या पिढीच्या तबकड्या घराघरांत पडून आहेत, आणि एका बटणाने ‘साफ’ केलेल्या त्यांच्या प्रती ऐकून मला वाईट वाटतं. मी नेहमी मूळ मुद्रण जसंच्या तसं जपतो, दर ०.७७ सेकंदांच्या तालात बसणारे टक् आधी काढतो आणि उरलेले एकेक ऐकून.

समुद्रातही हेच. उथळ, उबदार पाण्यात खडकांपाशी पाण्याखाली माइक सोडला तर तळणाची कढई तडतडावी तसा आवाज येतो. तो पिस्तूल कोळंबीचा. काही सेंटीमीटरचा हा जीव नांगी इतक्या वेगाने मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि आवाज येतो तो बुडबुडा कोसळल्याचा, नांग्या आपटल्याचा नव्हे. हे २००० साली मिशेल व्हर्सलुईस आणि सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्याने दाखवलं. पाण्याखाली संदेश पाठवणाऱ्याला हा भयंकर इम्पल्स नॉइज आहे. खडकावरचं जीवन किती भरलेलं आहे ते ऐकून ओळखू पाहणाऱ्याला तोच सिग्नल. मुलीला दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत कधी जायला मिळालं तर हा आवाज ऐकवा म्हणावं.

प्रोजेक्टचा निकाल मांडताना तिला एक सांभाळायला सांगा. मार्गदर्शक पीएसएनआर मागतील, म्हणजे साफ केलेलं चित्र मूळ चित्राच्या किती जवळ आलं ते सांगणारा आकडा. तो आकडा चुकांच्या वर्गाच्या (चूक गुणिले चूक) सरासरीवरून निघतो, संपूर्ण पानावर. पानाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग कोरा कागद असतो. कोऱ्या भागातले हजारो खोटे ठिपके पुसले आणि दोनशे अनुस्वारही पुसले, तरी पीएसएनआर सुधारलेलाच दिसेल. तो द्यावा, पण शेजारी आणखी दोन रकाने द्यावेत : किती खोटे ठिपके गेले, आणि किती खरे अनुस्वार राहिले. त्यासाठी दहाएक पानांवरचे अनुस्वार आधी हाताने मोजून ठेवावे लागतील. हे काम कंटाळवाणं आहे, पण डोळे शाबूत असतील तर आजोबांना सोबत बसवा. जुनं लेखन त्यांना तिच्यापेक्षा चांगलं वाचता येईल.